दाढेत गोळी, दंडावर पट्टी : विडी-सिगारेट सोडण्याच्या औषधांविषयी

मागच्या दिवाळीत माझ्या मामानं विडी सोडली आणि अकराव्या दिवशी परत धरली. मामा उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. वीस वर्षं झाली. विडी त्याच्याही आधीपासूनची. सोडायची म्हणून त्यानं मेडिकलमधून निकोटिनची चघळायची गोळी आणली होती, दहाची स्ट्रिप. परवा कपाट आवरताना ती स्ट्रिप मामीला सापडली. आत सहा गोळ्या तशाच.

"दोन दिवस चावलो की," मामा म्हणाला. "उचकी लागली, पोटात जळजळलं. टाकून दिलो. त्यात काय दम नाही बघ."

मी विचारलं, कसा चावलास?

"कसा म्हणजे? च्युइंगम चावतात तसा. चहाबरोबर. सकाळी एक, संध्याकाळी एक."

मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं आहे, डॉक्टर नाही. पण ह्या उत्तरात चार चुका होत्या आणि त्यातल्या कुठल्याच चुकीबद्दल मामाला कुणी काही सांगितलं नव्हतं. दुकानदारानं पाकीट दिलं, मामानं पैसे दिले, संपलं. नंतर घरात सगळे म्हणायला लागले, "त्याचा निश्चयच कच्चा." मला ते पटलं नाही. औषध चुकीच्या पद्धतीनं घेतलं तर ते लागू पडत नाही, ह्यात निश्चयाचा काय संबंध? म्हणून वाचायला बसलो आणि जे कळलं ते मंडळाच्या अंकासाठी लिहून काढलं. ज्यांच्या घरी असा मामा आहे त्यांच्यासाठी. आणि आपल्यातही काहीजण आहेत, नावं घेत नाही, त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट सुटी करून घेऊ. माणसाला सवय लागते ती निकोटिनची, आणि माणसाला मारतो तो धूर. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७० च्या दशकात हा फरक ठासून मांडला आणि पुढची सगळी औषधं ह्याच फरकावर उभी आहेत. विडी-सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यातली सत्तरेक कर्करोग करणारी. शिवाय डांबरासारखा चिकट अंश, आणि रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइड. निकोटिन निरुपद्रवी आहे असं नाही. ते नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं, आणि लहान मुलानं गिळलं तर ते सरळ विष आहे. पण फुप्फुस सडवणारं, कॅन्सर करणारं मुख्य द्रव्य ते नव्हे. ते फक्त धरून ठेवतं.

कसं धरून ठेवतं? झुरका मारल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथं काही खास कुलपं असतात (शास्त्रात त्यांना रिसेप्टर म्हणतात). निकोटिनची किल्ली त्या कुलपात बसली की डोपामिन सुटतं आणि माणसाला बरं वाटतं. रोज असा मारा झाला की मेंदू कुलपांची संख्याच वाढवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. मग ही सगळी रिकामी कुलपं ओरडायला लागतात. त्यालाच आपण तलफ म्हणतो. चिडचिड, अस्वस्थपणा, कामात लक्ष न लागणं, भूक वाढणं, झोप मोडणं हे त्याचेच प्रकार. सोडल्यावर पहिला आठवडा सगळ्यात वाईट, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचा त्रास ओसरतो. म्हणजे मामानं अकराव्या दिवशी विडी धरली तेव्हा अवघड घाटाचा बराचसा भाग त्यानं चढून संपवला होता. हे त्याला तेव्हा माहीत असतं तर?

श्रावणात सोडणारे, लेंटच्या चाळीस दिवसांत सोडणारे, रमजानमध्ये दिवसभर न ओढणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. म्हणजे माणसं सोडू शकतात. पण सण झाला की पहिला झुरका परत तीच कुलपं उघडतो.

आता गोळीकडे येऊ. हिचा जन्म पाणबुडीमुळे झाला असं म्हटलं तर फार खोटं नाही. स्वीडनच्या पाणबुड्यांत सिगारेट ओढायला बंदी. तिथले खलाशी मग तोंडात धरायच्या तंबाखूवर भागवायचे आणि त्यांचं चालून जायचं. लुंड विद्यापीठातले संशोधक क्लास लुंडग्रेन यांनी हे १९६७ मध्ये लिओ ह्या औषध कंपनीतल्या ओव्हे फेर्नो यांना कळवलं. फेर्नोंनी विचार केला, तंबाखू न देता नुसतं निकोटिनच तोंडातून देता आलं तर? त्यातून निकोटिनची च्युइंगम झाली आणि १९७८ मध्ये स्वित्झर्लंडनं तिला पहिली मान्यता दिली. आपल्याकडे फाउंड्रीच्या ज्या विभागात विडी पेटवता येत नाही तिथले कामगार तंबाखू मळून दाढेत धरतात. स्वीडनच्या खलाशांनी केलं ते हेच.

आणि इथंच मामाची पहिली चूक. ही गोळी दिसायला च्युइंगमसारखी असली तरी वागते दाढेतल्या तंबाखूसारखी. तंबाखूची चिमूट कुणी कचाकचा चावत नाही, गालात धरून ठेवतात. गोळीचंही तसंच. हळूहळू आठ-दहा वेळा चावायची. जीभ मिरमिरली, तिखटसर चव आली की चावणं थांबवायचं आणि गोळी गाल आणि हिरडी यांच्या मध्ये सरकवून ठेवायची. मिनिटभरानं मिरमिर गेली की परत थोडं चावायचं, परत ठेवायची, दर वेळी जागा बदलून. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून रक्तात जायला पाहिजे. भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, तिथून यकृतात जाऊन बरंचसं नष्ट होतं. मेंदूला काही पोचत नाही आणि पोटात मात्र जळजळ, मळमळ, उचकी. मामाला औषधाचा त्रास तेवढा मिळाला, फायदा नाही.

दुसरी चूक चहा. इथं आपल्या आज्ज्यांना रसायनशास्त्र आपल्यापेक्षा जास्त कळत होतं असं म्हणायची वेळ येते. तंबाखूला चुना का लावतात? चुना अल्कधर्मी आहे. अल्कधर्मी वातावरणात निकोटिन अशा रूपात मोकळं होतं की ते तोंडाच्या त्वचेतून झटकन आत शिरतं. चुन्याशिवाय तंबाखू "लागत नाही" ती ह्याचमुळे. निकोटिनच्या गोळीतही हेच केलेलं असतं, फक्त चुन्याऐवजी सोडियमचा कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट क्षार असतो. आता गोळी तोंडात असताना वरून काही आंबट प्यालं की गोळीतल्या "चुन्याची" ताकदच जाते. कॉफी, लिंबू सरबत, कोकम, ताक, बाटलीतली थंड पेयं, सगळी ह्यात आली. चहाही टाळलेला बरा. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत साध्या पाण्याशिवाय काही नको.

चहाबद्दल आणखी एक. धुरातल्या काही द्रव्यांमुळे ओढणाऱ्याचं यकृत कॅफिन लवकर संपवतं. ओढणं सुटलं की तेच दोन कप चहा-कॉफी शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही. माणसाला वाटतं विडी सोडल्याचा त्रास होतोय. बराचसा तो चहाचा असतो. त्यामुळे सोडण्याच्या दिवसांत चहा निम्म्यावर आणावा. आपल्या भागात हे विडी सोडण्यापेक्षा अवघड जाणार, हे मला मान्य आहे.

तिसरी चूक प्रमाणाची. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे तहानलेल्या बैलाला वाटीभर पाणी. दिवसाला वीस-पंचवीस विड्या ओढणाऱ्यानं पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक गोळी घ्यायची असते, म्हणजे दिवसाला निदान आठ-नऊ. पुढचे तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार ते आठ तासांनी. एकूण बारा आठवडे, तीन महिने. मामाची चौथी चूक हीच, दोन दिवसांत सोडून दिलं.

गोळी दोन ताकदींत येते, २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम. कुठली घ्यायची हे ठरवायला स्वीडनच्या फागेरस्ट्रॉम यांच्या प्रश्नावलीतला एक प्रश्न पुरतो : सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळानं पेटवतोस? अर्ध्या तासाच्या आत असेल तर पकड घट्ट आहे, ४ मिलिग्रॅम. त्यानंतर असेल तर २ मिलिग्रॅम. आपल्याकडे २ मिलिग्रॅमची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळत आली आहे. ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मामा उठतो आणि चुलीवर पाणी ठेवायच्या आधी विडी पेटवतो. त्याला मिळाली होती २ मिलिग्रॅमची.

विडी ओढणाऱ्यांनी डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. औषधाची सगळी कोष्टकं सिगारेटच्या हिशेबानं बनवलेली आहेत. विडीत तंबाखू कमी असते म्हणून "माझ्या दहा विड्या म्हणजे पाचच सिगारेटी" असं काहीजण धरून चालतात. पण विडी सारखी विझते, ती पेटती ठेवायला जास्त वेळा आणि खोल झुरके मारावे लागतात, आणि विडीच्या तंबाखूत निकोटिनही भरपूर असतं. तेव्हा आकडा कमी करून सांगू नये, आणि पहिली विडी किती वाजता हे नक्की सांगावं.

आता पट्टी. आणि पट्टीची गोष्ट सांगायची तर निपाणीला जायला हवं.

माझं आजोळ निपाणीकडचं. तिकडं तंबाखू हे पीक नाही, तो संसार आहे. आजी वखारीत तंबाखूच्या कामाला जायची. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठिय्या दिला आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले, ही गोष्ट तिकडं अजून लोकांच्या तोंडी आहे. वखारीतल्या बायकांच्या हालांवर अनिल अवचटांनी लिहिलं, आणि पुढे १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं त्यातही तेच होते. असो, तो वेगळा लेख होईल. मला सांगायचंय ते दवाबद्दल. तंबाखूचे शेंडे आणि फुटवे खुडायला पहाटे शेतात गेलं, पानं दवानं ओली असली, तर हात चिकट होतात आणि काही वेळानं डोकं गरगरतं, मळमळतं, उलटी होते. आजी म्हणायची, "तंबाखू लागली." तोंडात चिमूटही न टाकता! इंग्रजी वैद्यकात ह्याला हिरव्या तंबाखूचा आजार अशा अर्थाचं नाव आहे. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून थेट रक्तात जातं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं गुजरातच्या तंबाखू शेतमजुरांमध्ये ह्याचा अभ्यास केला आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मरे जार्विक आणि जेड रोझ हे दोघे १९८० च्या दशकात ह्याच आजाराचा विचार करत होते. त्यांच्या मनात आलं, निकोटिन कातडीतून जात असेल तर ते मोजून-मापून का देऊ नये? दुसऱ्यांवर प्रयोग करायची परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच कातडीवर निकोटिन लावून पाहिलं. नाडी वाढली. त्यातून निकोटिनची चिकटपट्टी निघाली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती अमेरिकेतल्या दुकानांत आली. शेतातल्या बायकांना ज्यानं उलट्या होत होत्या त्याचंच हे मोजलेलं रूप. गोळीतलं आणि पट्टीतलं निकोटिनही बहुतेक तंबाखूच्या पानातूनच काढलेलं असतं.

पट्टी वापरायला सोपी. सकाळी आंघोळीनंतर दंडावर, पाठीवर किंवा छातीवर केस नसलेल्या कोरड्या जागी चिकटवायची, दुसऱ्या दिवशी काढून दुसऱ्या जागी नवी. दिवसाला दहाहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांना सहसा सहा आठवडे २१ मिलिग्रॅम, मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७. त्या जागी खाज, लालसरपणा येतो. रात्री विचित्र, फार स्पष्ट स्वप्नं पडतात; तसं झालं तर झोपताना काढून ठेवावी. काढलेल्या पट्टीतही निकोटिन शिल्लक असतं, म्हणून ती घडी घालून पोरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताला लागणार नाही अशी टाकावी.

उद्यमबागेतल्यांसाठी एक जादा सूचना. उष्णतेनं कातडीतून निकोटिन जास्त वेगानं आत जातं. भट्टीपाशी उभं राहणाऱ्याला गरगरल्यासारखं, मळमळल्यासारखं झालं तर पट्टी काढावी आणि डॉक्टरांशी बोलावं. शिवाय घामानं ती सुटतेही. मामासारख्याला पट्टी द्यायची की गोळीवरच भागवायचं हे ठरवताना तो काय काम करतो हे डॉक्टरांना माहीत पाहिजे. आपण सांगितल्याशिवाय ते त्यांना कळणार नाही.

पट्टी निकोटिनची पातळी दिवसभर सारखी ठेवते, पण अचानक उसळलेल्या तलफेला ती उपयोगाची नाही. गोळी त्या वेळेला कामी येते. म्हणून दोन्ही मिळून घेतलेलं एकट्यापेक्षा जास्त परिणामकारक ठरतं. लोकांना ही भीती वाटते की डबल डोस होईल. सुरुवातीच्या आठवड्यांत खरी अडचण उलटीच असते : बहुतेकजण फार कमी घेतात.

"मग आता गोळीचं व्यसन लागलं तर?" हा प्रश्न मामीनं विचारला. काहीजण तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ गोळी घेत राहतात, हे खरं. पण गोळीतलं निकोटिन हळू चढतं, धुरासारखं सेकंदांत मेंदूवर आदळत नाही, त्यामुळे तिची चटक लागायची शक्यता बरीच कमी. आणि लागलीच, तरी तिच्यात धूर नाही.

आता निकोटिन नसलेली औषधं. ही दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची, म्हणून ह्याबद्दल थोडक्यात लिहितो.

पहिलं व्हॅरेनिक्लिन. मघाशी कुलूप-किल्लीचं म्हटलं ना, तिथं ही अशी किल्ली आहे जी कुलपात बसते पण अर्धीच फिरते. थोडं डोपामिन सुटतं, म्हणून तलफ शमते. आणि कुलूप आधीच भरलेलं असल्यामुळे वरून विडी ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही. ह्या औषधाची मूळ कल्पना एका झाडातून आली. पिवळ्या घोसांच्या लॅबर्नम ह्या युरोपातल्या झाडात सायटिसिन नावाचं द्रव्य असतं. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना तेव्हा तिकडचे सैनिक ह्या झाडाची पानं ओढायचे. बल्गेरियात १९६४ पासून सायटिसिनच्या गोळ्या सिगारेट सोडण्यासाठी मिळत होत्या. त्याच साच्यावर व्हॅरेनिक्लिन बनलं आणि २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस ०.५ दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, म्हणजे पहिल्या आठवड्यात विडी चालू असली तरी चालतं. मळमळ हा मुख्य त्रास; जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतलं की कमी होतो.

दुसरं ब्युप्रोपिऑन. हे मुळात नैराश्यावरचं औषध. ते घेणाऱ्यांची सिगारेट कमी होते असं लक्षात आलं आणि १९९७ मध्ये त्यासाठीही मान्यता मिळाली. तोंड कोरडं पडतं, झोप कमी होते. ज्यांना फिट येतात, किंवा कधी आल्या होत्या, त्यांनी हे घेऊच नये.

व्हॅरेनिक्लिननं डोकं बिघडतं, माणसं आत्महत्या करतात, अशी भीती अजून ऐकू येते. ती अगदीच हवेतली नव्हती. अमेरिकेनं पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला होता. मग १६ देशांत आठ हजारांवर लोकांवर चाचणी झाली. मानसिक आजार असलेले आणि नसलेले, दोन्ही गट. २०१६ मध्ये लान्सेटमध्ये निकाल आला : व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन यांनी पट्टीपेक्षा किंवा औषध नसलेल्या गोळीपेक्षा असे त्रास लक्षणीय वाढवले नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटी तो इशारा काढला गेला. तरी मन:स्थिती एकदम बदलली तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, हे आहेच.

हे सगळं किती चालतं? ह्यात फसवाफसवी नको. कुठल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरातले साधारण तीन ते पाच वर्षभरानं सुटलेले असतात. निकोटिनची गोळी किंवा पट्टी ही शक्यता दीडपट करते. व्हॅरेनिक्लिन दुपटीच्या वर नेतं. सोबत कुणी समुपदेशन करणारं असेल तर आकडा आणखी सुधारतो. म्हणजे औषध घेऊनही बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. मला हा आकडा वाचून आधी निराशा आली. मग मामाकडे बघून उलटा विचार आला : शंभरातले पंच्याण्णव एकट्यानं सोडायला जाऊन परत येतात, तर ते पंच्याण्णवच्या पंच्याण्णव कच्च्या मनाचे कसे असतील?

कॉलेजातल्या मित्रांचा ठरलेला प्रश्न : "त्यापेक्षा व्हेप बरं नाही का?" भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं, बाहेरून आणणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे. जे चोरून मिळतं त्यात निकोटिन किती आणि दुसरं काय, हे कुणीच तपासलेलं नसतं. विषय संपला.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. कर्नाटकात विडी-सिगारेटपेक्षा तोंडातली तंबाखू जास्त चालते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २२.८ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, ओढणारे ८.८ टक्के आणि खाणारे-लावणारे १६.३ टक्के. (काहीजण दोन्ही.) विडी सोडून चिमूट धरणं म्हणजे फुप्फुस वाचवून तोंड देणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली, तीत खाणाऱ्यांसाठीही समुपदेशनाबरोबर निकोटिनची गोळी-पट्टी किंवा व्हॅरेनिक्लिन सुचवलं आहे. म्हणजे आज्जीच्या मशेरीलाही उपाय आहे. आज्जी ऐकेल का, हा प्रश्न वेगळा.

गरोदर बायका, १८ वर्षांखालची मुलं आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, यांनी ह्यातलं काहीही स्वतःच्या मनानं सुरू करू नये. मानसिक आजाराची किंवा दम्याची काही औषधं चालू असतील तर तेही सांगायचं, कारण धूर थांबल्यावर त्यांचंही प्रमाण बदलावं लागू शकतं.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि मला वाटतं खरा अडसर इथं आहे. एका गोळीच्या पैशात बऱ्याच विड्या येतात. सिगारेटवाल्याला गोळी परवडते. विडीवाल्याला दिवसाला नऊ गोळ्या तीन महिने म्हणजे मोठाच खर्च. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२२ मध्ये निकोटिनचा समावेश झाला आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर तंबाखूमुक्ती केंद्राची तरतूद आहे. तेव्हा मेडिकलमध्ये जायच्या आधी बिम्सच्या, म्हणजे आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात विचारावं. गोळ्या शिल्लक आहेत का, समुपदेशक कुठल्या वारी बसतात, हे तिथंच कळेल.

आणि फोन. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. नंतर बंगळूरचं निम्हान्स आणि मुंबईचं टाटा मेमोरियल तिला जोडले गेले, त्यामुळे कन्नड आणि मराठी दोन्हींत बोलता येतं. सकाळी ८ ते रात्री ८. समोरचा माणूस रागावत नाही. तुमच्याबरोबर सोडायची तारीख ठरवतो आणि पुढे स्वतः फोन करून विचारपूस करतो.

मी हे सगळं मामाला सांगितलं. दाढेत कशी धरायची हे दाखवलं तेव्हा तो हसला. "म्हंजे तंबाखूसारखीच की! मग आधी सांगायचं नाही होय?" कपाटातल्या सहा गोळ्यांची तारीख अजून उलटलेली नाही, पण त्या २ मिलिग्रॅमच्या. आधी डॉक्टर, मग गोळी, असं ठरलंय. फोन मात्र तो सोमवारी लावणार होता, त्याची सुट्टी असते म्हणून. सोमवारी क्विटलाइन बंद असते. आता मंगळवारी, पाळीच्या आधी.